बोळा माझ्याकडे बघत नाही

४ फेब्रुवारी

आज बोळ्याला विंचरलं आणि कंगव्यात मूठभर केस आले. मानेवरून नुसता हात फिरवला तरी बोटांना चिकटून येताहेत. शेपटीच्या वरच्या बाजूला पाठीवर दोन बोटं रुंदीचा पट्टा पडलाय, कुणी चपटा ब्रश ओढल्यासारखा. सहा महिन्यांचं पिल्लू आणि जुन्या गालिच्यासारखं झडतंय.

केंद्राच्या वहीत मी लिहिलं, 'केस थोडे गळतात.' ती वही केंद्रातल्या बाई तपासतात, तिथे थोडेच गळायला हवेत. ही वही माझी. इथे खरं लिहिते: मी घाबरले आहे.

कुणी वाचणार नाही, तरी एकदा नीट मांडून ठेवते, म्हणजे माझंच डोकं ताळ्यावर येईल. मागच्या जूनमध्ये माझा दादा आंधळा झाला. दोन्ही डोळे. तो पाट्या रंगवायचा, दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. आता माझ्याकडे, आतल्या खोलीत, खाटेवर असतो. आंधळ्या माणसाला वाट दाखवणारी कुत्री तयार करणारं एक केंद्र आहे. तिथे कुत्र्यासाठी तीन वर्षांची रांग. पण जे घर त्यांचं पिल्लू दोन महिन्यांपासून दहा महिन्यांपर्यंत वाढवून देईल, आणि ते पिल्लू परीक्षेत पास होईल, त्या घरातल्या माणसाचा नंबर आधी लागतो. म्हणून हा बोळा. आणला तेव्हा कापसाचा बोळाच दिसत होता, दुसरं नाव सुचलंच नाही.

परीक्षा दहा जूनला. रोगट कुत्रं परीक्षेला बसवत नाहीत.

६ फेब्रुवारी

काल औषधी साबण, आज तेल. कारखान्यात माझ्या शेजारी बसणारीने सांगितलं, तिच्या मांजराला गुण आला म्हणे. तेल लावल्यावर बोळा घरभर फिरला आणि दादाच्या बंद दाराला अंग घासून आला. दारावर गुडघ्याएवढ्या उंचीवर चकचकीत डाग पडलाय. तिकडे जायचं नाही हे त्याला चार महिने शिकवतेय. पालथ्या घड्यावर पाणी.

बाईंचा नियम आहे: दहा महिन्यांपर्यंत पिल्लाचं लक्ष एकाच माणसावर बसायला हवं. आवाज एकाचा, हात एकाचा, खाऊ एकाच्या हातून. ज्याच्यासाठी ते वाढवतोय त्यानेसुद्धा मध्ये पडायचं नाही, त्याची वेळ नंतर. हे मी दादाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, त्याला कुठे कुणाच्या मध्ये पडायचंय. आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

११ फेब्रुवारी

शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. जाताना बोळ्याला टॉवेलात गुंडाळलं, रस्त्यात कुणी बघू नये म्हणून. डॉक्टरांनी टॉवेल काढला, वास घेतला आणि विचारलं, याला तळायला काढलंय का.

त्याला काहीही झालेलं नाही. जावळ गळतंय त्याचं. पिल्लाची मऊ लव जाते, तिच्या जागी मोठ्या कुत्र्याचे राठ, लांब केस येतात. सुरुवात शेपटीकडून होते, पट्टा पाठीवरून वर सरकत मानेपर्यंत जातो, मग बाजूंना पसरतो. मधले चार-सहा महिने कुत्रं उसवलेल्या गादीसारखं दिसतं. तेल नको, साबण नको, रोज विंचरा आणि वाट बघा. रंगही बदलेल म्हणाले. कानाच्या टोकाचा रंग बघून ठेवा, मोठेपणी अंग त्याच रंगाचं होणार.

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या खुर्चीत बसूनच राहिले.

वजन मात्र जास्त आहे म्हणाले. मी सांगितलं, वाटीने मोजून देते, एक दाणा वर नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सगळेच त्यांना असं सांगत असावेत.

२० फेब्रुवारी

लक्ष शिकवायची पद्धत अशी: मुठीत खाऊ धरायचा आणि हात बाजूला लांब करायचा. पिल्लू मुठीला नाक लावतं, चाटतं, पंजा मारतं. आपण दगड व्हायचं. कंटाळून ज्या क्षणी ते आपल्या तोंडाकडे बघेल, त्याच क्षणी 'हं' म्हणायचं आणि मूठ उघडायची. खाऊकडे बघून खाऊ मिळत नाही, माणसाकडे बघून मिळतो, एवढंच त्याच्या डोक्यात शिरवायचं. परीक्षेत गर्दी असते, भांडी आपटतात, समोर मांस टाकतात, दुसरं कुत्रं नेतात. नाव घेतल्यावर तीन मोजायच्या आत त्याने तुमच्या तोंडाकडे बघायला हवं आणि दहा मोजेपर्यंत नजर हलवायची नाही.

डिसेंबरात तो पाच मोजेपर्यंत बघायचा. कसले डोळे! मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं.

आता शून्य. आज चाळीस मिनिटं उभी राहिले. त्याने मुठीकडे बघितलं, मग दादाच्या खोलीच्या भिंतीकडे बघितलं, कान तिकडे वळवले. मग आला आणि माझ्या दुसऱ्या, रिकाम्या तळहातात ओलं नाक खुपसून उभा राहिला, काहीतरी मोठं काम केल्यासारखा. मी हात झटकला. परत उभा. परत झटकला. ही घाण खोड कुठून लागली कोण जाणे.

३ मार्च

आज दादाने विचारलं, गॅलरीच्या कठड्याचे गज किती अंतरावर आहेत.

आठवडाभर तो 'हो', 'नको' यापलीकडे बोललेला नव्हता, आणि बोलला तर हे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. डिसेंबरात एकदा म्हणाला होता, मला ठेवून तू काय करणार आहेस, मी काय लोणचं आहे. तेव्हा मी हसले होते. आता ते सारखं आठवतंय.

मी विचारलं, कशाला हवंय तुला? तर म्हणाला, सहज.

संध्याकाळी कुलूप आणलं आणि गॅलरीच्या दाराला लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या, पण तो माझ्याहून हातभर उंच आहे, फळीचा काय उपयोग. मग त्याही पर्समध्ये ठेवल्या. सुऱ्या घेऊन कामाला जाणारी बाई मी एकटीच असेन.

५ मार्च

माझं काम बघण्याचंच आहे. बाटल्यांचा कारखाना. मागे पांढरा दिवा, समोरून पट्ट्यावर बाटल्या जातात, तडा, बुडबुडा, वाकडा गळा दिसला की उचलून बाजूला काढायची. वीस मिनिटं बघायचं, वीस मिनिटं खोकी जुळवायची, परत वीस मिनिटं बघायचं. अठरा वर्षं केलं. आज माझ्या नजरेसमोरून तडा गेलेल्या दोन बाटल्या सरळ पुढे गेल्या. सुपरवायझरने मला पट्ट्यावरून उठवून दिवसभर खोक्यांवर बसवलं. ओरडला नाही, ते जास्त लागलं.

घरी आले तर दादा म्हणाला, कुलूप लावलंस वाटतं, बरं केलंस. बरं केलंस म्हणजे काय?

१९ मार्च

एक चांगली गोष्ट. दादाचं ताट रिकामं येऊ लागलंय. दुपारचं मी झाकून ठेवून जाते, पाव, भात, दोन उकडलेली अंडी. आधी अर्धं तसंच असायचं. आता पावाचा चुरासुद्धा उरत नाही, ताट धुतल्यासारखं चकचकीत. अंगावर मात्र काही दिसत नाही.

एक वाईट गोष्ट. खोलीतून कधीकधी 'टक्' असा आवाज येतो. दोनदा, थांबून परत दोनदा. मला वाटलं नळाचा पाइप. काल दाराला कान लावला. तो जिभेने करतो. विचारलं तर म्हणाला, जीभ तेवढी चालते, म्हणून चालवतो. एकट्या माणसाचं डोकं असंच फिरायला लागतं का? कुणाला विचारू?

त्याच्या चादरीवर बोळ्याची लव सापडली, बरीच. दाराखालच्या फटीतून वाऱ्याने जात असणार. फटीत फडकं कोंबून ठेवलं.

२ एप्रिल

बोळा आता बघवत नाही. पाठीवर राठ, चमकदार पट्टा, दोन्ही बाजूंना जुनी फिकट लव गठ्ठ्यागठ्ठ्याने लोंबतेय, मांड्या अर्ध्या उघड्या. रस्त्यावर एकीने विचारलं, याला भाजलं का हो?

जेवताना दादा म्हणाला, पाठीवरचे केस आता खांद्यापर्यंत आले असतील ना. मी म्हटलं, आले. डॉक्टरांचं बोलणं मी त्याला सांगितलं असेन, आठवत नाही. मग त्याने विचारलं, रंग कसला येतोय. मी म्हटलं, तांबूस.

"तांबूस हा रंग नाही चिमे," तो म्हणाला, "ती टाळाटाळ आहे."

मग मला खिडकीशी पाठवलं. बोळ्याच्या कानाचे चार केस हातात घेऊन उजेडात धर आणि नीट सांग म्हणाला. मी धरले. वीट? नाही. चहा? नाही. शेवटी म्हटलं, पिकल्या पानाचा असतो तसा, पण मुळाशी लालसर. तो ते स्वतःशीच पुटपुटला. मग म्हणाला, म्हणजे पिवळ्यात तांबडी काव, अगदी चिमूटभर. आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर घासत राहिला, ब्रश पुसायचा तशी.

मी उठून न्हाणीघरात जाऊन रडले. स्वतःला छळतोय तो. यापुढे घरात रंगाचं नाव काढायचं नाही.

१५ एप्रिल

आज सिंक तुंबलं. मगाने पाणी उपसून बादलीत भरलं आणि बादली खाली नेऊन ओतली. पावडर घरात आणायची हिंमत नाही.

आज लिहूनच टाकते.

त्या रविवारीही तुंबलं होतं. मी सकाळी नाली साफ करायच्या पावडरीचा अख्खा डबा आत ओतला. पाणी हललं नाही. मी दूध आणायला खाली गेले. तेवढ्यात दादा आला, मीच त्याला बोलावलं होतं, त्याच्याकडे किल्ली होती. त्याने भरलेलं सिंक बघितलं, किटलीभर पाणी उकळलं आणि वाकून ओतलं. सगळं उसळून त्याच्या डोळ्यांत गेलं. मी जिन्यात होते तेव्हा त्याचा आवाज ऐकला.

दवाखान्यात लिहिलं गेलं, 'साफसफाई करताना.' मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दादाने एकदाही विचारलं नाही. दहा महिने तो त्याच सिंकपासून दहा पावलांवर झोपतो.

मी ठरवलंय. बोळा पास झाला की त्याच दिवशी सांगेन. एका हाताने डोळे देईन आणि दुसऱ्या हाताने ते कसे घेतले ते सांगेन. नुसतंच सांगायचं बळ माझ्यात नाही.

७ मे

बाई घरी येऊन गेल्या. मला दहा हाका मारायला लावल्या, बोळ्याने दोनदा बघितलं. आठ वेळा येऊन माझ्या हातात नाक दिलं. हे कुणी शिकवलं, बाईंनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, खोड आहे, मोडेन मी.

त्या चहा न घेता उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, लक्ष आहे याचं, पक्कं आहे, एकाच माणसावर आहे. मग दादाच्या दाराकडे बघून विचारलं, ते कसे आहेत. मी म्हटलं, आराम करताहेत.

एकाच माणसावर, असं स्वतः बाई म्हणाल्या. म्हणजे अजून आशा आहे. मी रजा टाकून आठवडाभर त्याच्या मागे लागणार.

२३ मे

आज मी वाईट वागले.

सकाळपासून अकरा वेळा बसवलं. अकराव्या वेळीही त्याने भिंतीकडे कान केले. मी त्याचा गळपट्टा धरून पिरगाळला आणि त्याचं तोंड माझ्याकडे ओढलं. बघ म्हटलं, बघ माझ्याकडे, फुकट गिळतोस. तो बघेना. डोळे पांढरे करून बाजूला बघत राहिला आणि उभ्याउभ्या जमिनीवर मुतला. नऊ महिन्यांचा कुत्रा.

आतून दादाचा आवाज आला. "चिमे, त्याला सोड."

वर्षभरात तो माझ्यावर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, तू गप्प बस, हे सगळं मी कुणासाठी करतेय.

मी फरशी पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

९ जून

उद्या. बोळ्याला विंचरलं. कंगव्यात तीन-चारच केस आले. जावळ सगळं गेलं, फक्त कानामागे आणि मांड्यांच्या आत थोडं मऊ राहिलंय. मानेभोवती दाट आयाळ, शेपटीला झालर, अंगावर ऊन पडलं की रंग पेटतो. याला आता बोळा म्हणायची लाज वाटते. इतकं देखणं जनावर माझ्या घरात उभं आहे आणि माझ्याकडे बघत नाही.

११ जून

कालचं आज लिहितेय.

नापास. मांसाकडे त्याने ढुंकून बघितलं नाही, भांड्यांच्या आवाजाला हलला नाही, दुसऱ्या कुत्र्याची पर्वा केली नाही. बाकीची पाच पिल्लं पळाली, भुंकली, हा खांबासारखा. पण मी नाव घेतलं की येऊन हातात नाक. तीन संधी असतात. तिसऱ्या वेळी मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, तर मागे वळसा घालून येऊन तिथे नाक लावलं. बघणारे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर खूण केली.

नापास पिल्लू त्याच घरात ठेवता येतं, नाहीतर केंद्र दुसरं घर बघतं. ठेवता का, बाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही. तीन मजले, माझी नोकरी, घरात आजारी माणूस, अशी कारणं दिली. खरं कारण, मला त्याचं तोंड बघवत नव्हतं. सही केली. त्याचा पट्टा पर्समध्ये घालून दुपारी घरी आले आणि दादाला काही न सांगता स्वयंपाकघरात उभी राहिले.

थोड्या वेळाने टक् टक् आवाज आला. मग परत. मग लागोपाठ. दार उघडलं. दादा भिंत चाचपत बाहेर आला. मी श्वास रोखून उभी, चोरासारखी. तो मधल्या खोलीत गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली हात फिरवू लागला, मग खुर्चीखाली, मग दाराजवळच्या पोत्यावर जिथे बोळा झोपतो. पोतं त्याने तळहाताने तीन-चारदा दाबलं. ते थंड होतं.

"चिमे, कुठे आहे तो?"

मी सांगितलं. सोडून आले म्हणून.

तो पोत्यावरच बसला. आणि मग जे बोलला ते मी तुकड्यातुकड्याने ऐकलं. जानेवारीत मी कामाला गेल्यावर बोळा रोज दार खरवडायचा. एके दिवशी दादाने उघडलं, हाकलायला म्हणून. तो आत येऊन त्याच्या पायावर झोपला. मग रोजचंच झालं. माझी पावलं जिन्यात वाजली की तो त्याला बाहेर काढायचा. पाव, अंडी, भात, सगळं बोळ्याच्या पोटात गेलं. केस गळायला लागले तेव्हा माझ्याआधी दादाच्या बोटांना कळलं. तो रोज हाताने गळकी लव काढायचा, माझ्या कंगव्यात आली त्याच्या दुप्पट त्याच्या उशीत आहे म्हणाला. पट्टा वर किती सरकला हे तो बोटांनी मोजायचा. रंग मात्र बोटांना कळत नव्हता.

"आणि ते नाक?" मी विचारलं.

"माझ्याकडे बघून त्याला काय मिळणार होतं? मला कुठे त्याची नजर दिसते. म्हटलं, नाक लाव हाताला. म्हणजे मला कळेल, लक्ष आहे."

गॅलरीचे गज त्याने विचारले ते पिल्लू मधून पडेल म्हणून. मी तीन महिने सुऱ्या पर्समध्ये घेऊन फिरले.

मग तो म्हणाला, तुझी सगळी मेहनत मी घालवली, मला माहीत होतं नियम मोडतोय, पण दिवसभरात तेवढंच होतं. आणि तो रडू लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. माझा दादा माझी माफी मागत होता. ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, दादा, पावडर मी घातली होती. आधीच. अख्खा डबा. तू आलास तेव्हा ती आत होती.

त्याने तळहाताने डोळे पुसले.

"डबा ओट्यावर होता," तो म्हणाला. "रिकामा. मी वाचला होता. 'सावधान'मधला 'ध' त्या गाढवाने 'घ' काढला होता. सावघान. मी त्यालाच हसत होतो. हसत हसत किटली ओतली."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"शेवटचं वाचलं तेही अशुद्ध," तो म्हणाला.

आम्ही त्या पोत्यावर बसून होतो. कोण कुणाला माफ करतंय ते कळत नव्हतं. कदाचित कुणीच नाही. मग त्याने विचारलं, केंद्र किती वाजता उघडतं.

१२ जून

त्रेपन्न पायऱ्या. काल केंद्र बंद होतं, आज निघालो. वर्षभरात दवाखाना सोडला तर तो खाली उतरला नव्हता. एक हात माझ्या खांद्यावर, एक कठड्यावर. मी प्रत्येक पायरीला 'पायरी' म्हणत होते. दहाव्या पायरीला म्हणाला, मला मोजता येतं. दुसऱ्या मजल्यावर तो दमला, आम्ही तिथेच बसलो. वर परत जाऊ या का विचारलं. तो उठला.

केंद्रात बाई अंगणातच होत्या. मी सगळं खरं सांगितलं, नियम कसा मोडला तेही. त्यांना मे महिन्यात घरी आल्या तेव्हाच कळलं होतं, पण घरातलं घरातच कळावं असं त्यांना वाटलं. मला राग आला, आणि राग धरायला बळ नव्हतं.

पिंजरा उघडला. अंगणात आठ-दहा कुत्री, पिल्लांची जेवणाची वेळ, थाळ्या मांडलेल्या. दादाने जिभेने दोनदा आवाज केला, कोरड्या तोंडाने, जेमतेम ऐकू येईल असा. बोळा थाळ्यांमधून, कुत्र्यांमधून सरळ आला आणि त्याच्या तळहातात नाक घालून थांबला. दादा खाली बसला. मान, छाती, पाठ, शेपटीपर्यंत दोन्ही हात फिरवले आणि म्हणाला, दोन दिवस कुणी विंचरलं नाही याला.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. नापास तो नापासच. वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला आधी चार प्रशिक्षकांच्या हाताखाली काम करावं लागतं, हा दुसऱ्या कुणाचा होणार नाही. गाडी येतेय, खड्डा आहे, थांब, हे तो दादाला कधीच सांगू शकणार नाही. रांगेत नाव आहे, अजून दोन वर्षं तरी जातील. तोवर पांढरी काठी. दर सोमवारी वर्ग असतो.

बोळ्याला घेऊन येताना दादा कुणाशी बोलला नाही. मला वाटलं, नव्याने आंधळा झाल्यासारखं झालं त्याला. घरी आल्यावर म्हणाला, त्याला दिवसातून तीनदा खाली न्यावं लागेल, तू तर कामावर असतेस.

२ जुलै

काठीच्या वर्गाला तीनदा गेला. आज चिडून काठी भिंतीवर मारली. नडगी फुटली आहे, कपाळावर टेंगूळ. म्हणतो, चाळीस वर्षं सरळ रेघ मारली आणि आता सरळ चालता येत नाही. दुपारी बोळ्याने जिन्यातच घाण केली, कारण दादा पहिल्या मजल्यावर वाट चुकून पुन्हा वर आला. शेजारी कुरकुरले. मी कारखान्यातून येऊन जिना धुतला. रडावंसं वाटलं, पण दोन्ही हात ओले होते.

२८ जुलै

आज सुट्टी. दादा म्हणाला, तू घरीच थांब, मी याला एकटा खाली नेतो. मी गॅलरीतून बघत राहिले. कुलूप आता नाही.

खाली पोहोचायला त्याला किती वेळ लागला ते बघितलं नाही. दारातून आधी काठी दिसली, मग बोळा, मग दादा. बोळा काही कामाचा नाही, खांब हुंगत भलतीकडेच ओढत होता. दादा काठीने पदपथाची कड शोधून उभा राहिला. तेवढ्यात एक स्कूटरवाला थांबला आणि त्याने दादाला कुठलातरी पत्ता विचारला. काठी त्याला दिसली नसावी, बोळ्याच्या आड होती.

दादाने हात वर करून दाखवलं. सरळ जा, पुढे भांड्यांच्या दुकानाची निळी पाटी लागेल, पांढरी अक्षरं, मोठी, चुकणार नाही, तिच्यानंतर डावीकडे वळा. ती पाटी त्याने रंगवली होती, बारा वर्षांपूर्वी. तिच्या खाली उभा राहून काढलेला फोटो आहे आमच्याकडे.

मे महिन्यात ते दुकान बंद झालं आणि पाटी उतरवली. मी रोज तिथून जाते. त्याला सांगितलं नव्हतं. म्हटलं, कशाला.

स्कूटरवाला निघायला लागला. मी कठडा धरून उभी होते. मग ओरडलेच.

"दादा, ती पाटी काढली."

त्याने मान वर केली, माझ्याकडे नाही, खालच्या मजल्यावरच्या खिडकीकडे. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले.

"कधी?"

"मे महिन्यात. दुकान बंद झालं."

तो तसाच उभा राहिला. बोळा बसला. मला वाटलं, आता हा वळणार, जिना चढणार आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करणार.

"मग आता काय आहे तिथे?" त्याने विचारलं.

"मोबाईलचं दुकान. लाल दिव्यांची पाटी आहे."

"दिव्यांची," तो म्हणाला, चव घेतल्यासारखं. मग स्कूटरच्या आवाजाकडे वळला आणि त्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून वाट सांगितली.